अक्काचा डबा

निमगाव केतकी
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार केला असं धर आणि पुढं वाच. फोनवर तुला 'हॅलो'च्या पलीकडचं ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू कपाटात घालून ठेवलं आहेस, म्हणून हा कागद. माझे धाकटे दीर अजितभावोजी रोज मोटारसायकलवरून बारामती एमआयडीसीत कामाला येतात. येताना तुझ्या फाटकात पत्र देतील, जाताना उत्तर घेतील. त्यांना चहा दे, पण व्याकरण शिकवू नकोस.

लग्नाला महिना झाला. सौरभ चांगला आहे. सासूबाईंना घरात सगळे 'बाई' म्हणतात, मीही म्हणते. तोंडाने फटकळ, पण ताटात वाढताना हात सैल. इंदापूरच्या लॅबमधली माझी नोकरी सुरू आहे. सगळं सुरळीत आहे, अडलंय ते एकाच ठिकाणी. राजनंदिनीपाशी.

सौरभची ही मुलगी आठ वर्षांची. तिची आई उज्ज्वला जाऊन तीन वर्षं झाली. पोर उर्मट नाही, हट्टी नाही, फक्त मला काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की माठाकडे तोंड करून सांगते, "पाणी प्यायचंय." परवा वेण्या घालायच्या होत्या तर रिबिनी माझ्यापुढे ठेवल्या आणि पाठ करून बसली. मी घातल्या. बाई दिवसातून चारदा तिच्या मागे लागतात, "आई म्हण की गं तिला, जीभ झडतीय व्हय?" मग तिचा घास तोंडातच राहतो.

आणि याला मुदत आहे. तिचा मामा महिपती मोहोळला असतो. त्याने लग्नाआधीच सांगितलंय, पोरीचं मन इथं रमलं नाही तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मी तिला घेऊन जाईन. सौरभनं तसा शब्द दिलाय. आत्या, मला ती इथं राहायला हवी आहे. आईवाचून वाढणं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको, आणि मला वाढवलेल्या तुलाही.

तिनं मला काय म्हणावं? तू जन्मभर कॉलेजात शब्दच शिकवलेस. मला एक दे.

तुझी
अश्लेषा

*

बारामती
१५ जानेवारी

चि. अश्लेषा,

शब्द मागायला बरोबर दारात आलीस. तुझे भावोजी दोन कप चहा पिऊन गेले. व्याकरण शिकवलं नाही, पण 'माझी मदत झाली' आणि 'मला मदत झाली' यातला फरक तेवढा सांगितला.

आधी तुझ्या सासूबाईंचा 'आई'चा आग्रह बंद कर. तो शब्द त्या मुलीच्या आईचा आहे. गेलेल्या माणसाची जागा मागायची नसते आणि कुणी देऊ केली तरी घ्यायची नसते. याबाबतीत माझं मत तीस वर्षांपूर्वी पक्कं झालेलं आहे.

आता शब्द घे: अक्का.

कानडीत, तमिळमध्ये, तेलुगूत अक्का म्हणजे थोरली बहीण. आपल्याकडे तो त्याच वाटेने आला असावा. तिकडे उझबेक लोक थोरल्या भावाला 'अका' म्हणतात. पार उत्तरेला, स्वीडन-फिनलंडच्या बर्फात रेनडिअर पाळणारे सामी लोक आहेत, त्यांच्या घर राखणाऱ्या देवींच्या नावात 'आक्का' येतं. ही सगळी एकाच घराण्यातली असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. तान्ह्या पोरांची तोंडं जगभर सारखीच, दोन-चार आवाजांत ती सगळी नाती बसवतात. पण तुझ्या कामाला हा शब्द किती सोयीचा आहे ते बघ. घरातली, थोरली, हक्काने रागावणारी, तरी कुणाची जागा न बळकावणारी. हलका शब्द आहे, पोरीला उचलेल.

संस्कृत कोशात अक्का म्हणजे आई असंही दिलेलं आहे. पण निमगावात कोश कोण उघडतो? ते सोडून दे.

बिनधास्त सांग तिला.

अनसूयाआत्या

*

निमगाव केतकी
३० जानेवारी

प्रिय आत्या,

सांगितलं. रविवारी दुपारी दोघीच ओट्यावर शेंगा फोडत होतो. म्हटलं, "मला आई म्हणायला नको हं. तू मला अक्का म्हण."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्याकडे बघितलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच सरळ बघितलं, म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. मग उठून आत गेली.

त्या दिवसापासून माठाशीही बोलणं बंद आहे. वेण्या बाईंकडून घालून घेते. आणि शाळेचा डबा नेत नाही. तिचा स्टीलचा जुना डबा आहे, तो बाईच भरतात, बाईच घासतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. तो डबाच घरातून नाहीसा झालाय. विचारलं की पोर मान खाली घालते. दुपारी शाळेतली खिचडी खाते तेवढंच.

काल महिपतीमामा येऊन गेला. जाताना तिनं त्याला हळूच विचारलं, "मामा, जून कधी येतंय?" मी दारात उभी होते.

तुझा शब्द हलका नव्हता बहुतेक.

अश्लेषा

*

बारामती
२ फेब्रुवारी

चि. अश्लेषा,

घाबरतेस काय लगेच! मूल रुसलं म्हणजे त्याला काहीतरी लागलं, आणि लागलं म्हणजे पोचलं. शब्द अंगवळणी पडायला वेळ लागतो.

चूक एवढीच झाली, की तू तो सांगून शिकवायला गेलीस. असे शब्द सांगून येत नाहीत, ऐकून येतात. आपल्याकडे पोरं आपल्या आईला आई म्हणतात हे पुस्तकात. तुझे बाबा, आमचा रमाकांत, आमच्या आईला जन्मभर 'वहिनी' म्हणाला, कारण घरातले काका म्हणायचे. शेजारच्या देशपांड्यांकडे वडिलांना सगळे 'दादा'. मूल कानाने नाती शिकतं. तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांग, उद्यापासून तुला अक्का म्हणायचं. बाईंनी, भावोजींनी, सगळ्यांनी. आठवड्यात पोर आपणहून म्हणेल.

माझं चुकत नाही गं यात.

आत्या

*

निमगाव केतकी
१४ फेब्रुवारी

आत्या,

चुकलं. पुरतं चुकलं.

तुझं ऐकून रात्रीच्या जेवणाला मी सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून मला सगळ्यांनी अक्का म्हणा." सौरभनं मान वर केली नाही. अजितभावोजी ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच. राजनंदिनी बाईंच्या पदरात तोंड खुपसून बसली.

सकाळी मी बाईंना धरलं. त्या गव्हाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होत्या. बाहेर काढला तो पोरीचा डबा. तिनंच गव्हात खोल पुरून ठेवला होता. बाईंनी पदरानं पुसला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. बुडाशी कोरलेलं: 'अक्कास, महिपतीकडून. भाऊबीज २०१९'.

"ही अक्का," बाई म्हणाल्या. "तुज्या आदीची. महिपती हितं ऱ्हाऊन बारामतीला कालिजात जायचा, तो बहिणीला अक्का म्हणायचा. त्याचं ऐकून अजित म्हणाय लागला, मग आमी समदीच. पोरगी बी तेच शिकली. आई असं ह्या घरात कुणी कुणाला म्हणलंच न्हाय."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"नव्या नवरीसमूर जुनीचं नाव काढायचं असतंय व्हय? आमाला वाटलं, तुला वंगाळ वाटंल."

म्हणजे तीन माणसं माझं मन राखायला गप्प बसली, आणि मी त्या पोरीच्या आईचं नाव तिच्यासमोर स्वतःला लावून घेतलं. तिला वाटलं असेल, आता डबाही घेईल ही. म्हणून पुरला.

तू लिहिलंस, मूल कानाने नाती शिकतं. हे माहीत होतं तुला! मग आधी चौकशी कर, असं का नाही लिहिलंस? मीही का नाही केली? उज्ज्वलाला घरात काय म्हणायचे एवढं विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. मी तुझ्यावर चिडले आहे आणि तुझ्याहून जास्त माझ्यावर.

अश्लेषा

*

बारामती
९ मार्च

बाळ अश्लेषा,

तीन आठवडे लावले उत्तराला. भावोजी दोनदा फाटकात थांबून गेले, मी दार उघडलं नाही. ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं असेल तर वाटू दे.

माझी चूक. पदरी मोठं ज्ञान असलेल्या माणसाची असते तशी, चांगली ठणठणीत चूक. कोशात अक्का म्हणजे आई असं वाचलं होतं, तुला लिहिलंही होतं, आणि वर सोडून दे म्हणाले.

पण 'आई' नको असं मी इतक्या जोरात का सांगितलं, ते आता तुला सांगायलाच हवं. तू पाच वर्षांची होतीस. अंगणात पडलीस, गुडघा फुटला, आणि 'आई' करत धावत आलीस ती माझ्याकडे. रमाकांत समोरच बसला होता. भाऊ काय म्हणेल, तुझ्या गेलेल्या आईला काय वाटेल, असं माझं झालं. तुझा गुडघा धुतला आणि म्हटलं, "आई नाही बाळा. आत्या." वहीतली चूक दुरुस्त करावी तसं. तू "हो" म्हणालीस आणि पुन्हा कधी चुकली नाहीस. तेवढी हुशार होतीसच.

त्या दिवशी मी फार शहाणपणानं वागले, असं तीस वर्षं लोकांना सांगत आले. खरं सांगते, मला तो शब्द हवा होता. आजही हवा आहे. स्वतःला नाकारलेली गोष्ट मी तुलाही नाकारली, आणि त्याला तत्त्व असं नाव दिलं.

आता तुला नवा शब्द देणार नाही. एकच सांगते, आणि हे मात्र खात्रीने. पोरीचा शब्द पोरीला परत कर. तोंडाने, स्पष्ट, ती आणि तो डबा समोर असताना. बदल्यात काही मागू नकोस.

आत्या

*

निमगाव केतकी
३० मार्च

प्रिय आत्या,

आज पाडवा. पुरणपोळी भावोजींबरोबर पाठवलीय, मधुमेहाचं नाव काढू नकोस, एकच आहे.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. गुडघ्यावरची ती खूण अजून आहे. 'आत्या' म्हणायला सांगितलेलं मात्र मला आठवत नाही. फक्त तू गुडघा धुतलास तेवढं आठवतं. याबद्दल आणखी लिहीन, आज नाही.

शब्द परत केला. डबा घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, "अक्का तुझी. मला माहीत नव्हतं, मी न विचारता ते नाव घेतलं. चुकलं माझं. आता या घरात मला कुणी अक्का म्हणणार नाही. तू मला काहीच म्हणाली नाहीस तरी मी वेण्या घालीन."

तिनं डबा हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. मग विचारलं, "हा पोचा तू पाडलास?"

"नाही गं."

"मग माज्याकडनंच पडला आसंल."

एवढंच. पण माठाला नाही, मला विचारलं. दुसऱ्या दिवशी रिबिनी घेऊन आली. आता वेण्या घालताना अक्काबद्दल सांगते. अक्का शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायची. अक्काला पानमळ्यात सापाची भीती वाटायची, तरी पोरीला पुढं घालून स्वतः मागून चालायची. मी ऐकते. भावोजीही परवा दारात थांबून ऐकत होते. तीन वर्षांत या घरात उज्ज्वलाचं नाव एवढ्या वेळा निघालं नसेल.

मी तिला सांगितलं, माझी आत्या शब्दांची मास्तरीण आहे. तर तिनं तुला एक प्रश्न पाठवलाय: 'अक्का कुठून आली?' उत्तर तिच्याच नावानं लिही. जून अजून डोक्यावर आहेच. मामाची तयारी पक्की आहे.

अश्लेषा

*

बारामती
५ एप्रिल

राजनंदिनीस, बारामतीच्या म्हातारीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा प्रश्न चांगला आहे. माझ्या कॉलेजातल्या पोरांनी इतका चांगला प्रश्न क्वचित विचारला.

तुझी अक्का लांबून आली. कर्नाटकात, आंध्रात, तमिळनाडूत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. तुझ्या महिपतीमामाला ती थोरली बहीण, म्हणून तो अक्का म्हणायचा. ते बरोबर. पण आपल्याकडच्या जुन्या पंडितांनी हा शब्द अंबेच्या शेजारी बसवलाय, आई या अर्थानं. म्हणून तू म्हणायचीस तेही बरोबर. मला हे वाचून माहीत होतं, तुला न वाचता माहीत होतं.

आता एक गोष्ट. समुद्रापार रोम नावाचं शहर आहे. तिथले लोक सांगतात, फार पूर्वी दोन जुळी पोरं नदीत सोडून दिली होती. ती काठाला लागली. एका धनगरानं बघितली आणि घरी आणली. त्याच्या बायकोनं त्यांना आपलं दूध-भाकर घालून वाढवलं. पुढं त्यातल्या एकानं ते एवढं मोठं शहर वसवलं. त्या धनगरणीचं नाव काय होतं, सांग पाहू?

अक्का. आपल्या अक्काशी तिचं नातं आहे का? बहुतेक नाही. नाव मात्र तेच.

ही गोष्ट खरी का खोटी ते विचारू नकोस, मी तेव्हा नव्हते. डब्याचा पोचा ठोकून काढू नकोस. राहू दे.

अनसूयाआजी

*

निमगाव केतकी
१५ जून

प्रिय आत्या,

पत्र लांबलं. मेमध्ये राजनंदिनी मोहोळला गेली होती. जाताना अक्काचा डबा पिशवीत घालून नेला, म्हणून मी समजून चुकले की ही आता परत येत नाही. तिच्या रिबिनी धुवून, इस्त्री करून ठेवल्या. कुणी रिबिनींना इस्त्री करतं का? मी केली.

मंगळवारी महिपतीमामा तिला घेऊन दारात उभा. सगळं सामान परत. म्हणाला, "ताई, ही म्हणती शाळा निमगावचीच. आमच्या पोरांना रोमची गोष्ट सांगून सांगून पार वैताग आणलाय तिनं." डबा तिनं आपल्या हातानं देवळीत ठेवला. आता तो शाळेत न्यायचा नाही, हरवेल, असं तिचं म्हणणं.

काल शनिवारी मला सुट्टी होती, तिला नवा डबा घ्यायला आम्ही दोघी इंदापूरला गेलो. तिचा झाला. मग माझ्या हाताला धरून म्हणाली, "तुजा बी घे. तुज्याची कडी तुटलीय." घेतला. दुकानदारानं नाव घालायचं यंत्र काढलं, ते घुर्र करणारं, आणि मला विचारलं, "काय नाव टाकू?" मी 'अश्लेषा' म्हणायच्या आत ही टाचा उंच करून म्हणाली, "आई टाका."

तो म्हणाला, "अगं, अशानं कुणाचा डबा ते कळायचं नाही. आई तर सगळ्यांनाच असते."

"आमच्या घरात ह्या नावाचं कुणीच न्हाय," ती म्हणाली. "नाव रिकामंच हाय."

आत्या, मी दुकानात रडले. सरळ रडले, लपवलं नाही. दुकानदारानं पाणी दिलं. तिनं माझी पर्स धरली आणि शांतपणे अक्षरं कोरताना बघत बसली. जो शब्द तू आणि मी एवढा जपून बाजूला ठेवला, तो तिच्यासाठी कधी कुणाचा नव्हताच.

यंत्र चालू होतं तेवढ्यात मी आणखी एक वस्तू घेतली. भावोजींबरोबर पाठवतेय. फडक्यात गुंडाळलीय. बुडाशी बघ. त्यावरचं नाव मी सांगितलंय, राजनंदिनीनं नाही. गुडघ्याची खूण अजून आहे, असं मी मार्चमध्ये लिहिलं होतं ना, त्याच्या पुढचं जे लिहायचं राहिलं होतं ते तिथं आहे.

अश्लेषा

*

बारामती
१७ जून

अश्लेषा,

तांब्या मिळाला. फडकं सोडेपर्यंत भावोजी थांबले होते, मग काय समजले कोण जाणे, चहा न घेताच गेले. माझ्या घरात इतकी वर्षं भांडी आहेत, नाव घातलेलं हे पहिलंच.

राजनंदिनीला सांग, तिच्या शब्दाचीही चौकशी केली मी. आसामात आई म्हणजे आईच. गुजरातेत देवीला आई म्हणतात. तमिळमध्ये त्याचं भावंड वाटावं असा 'आय्' आहे. कुणी कुणाकडून घेतला यावर पंडितांचं अजून एकमत नाही, होईल असं वाटतही नाही. पण ओडिशात 'आई' म्हणजे आईची आई. तेव्हा या तांब्यावरचं नाव तू वाचलंस तरी खरं आहे आणि तिनं वाचलं तरी खरं आहे.

काल दुपारपासून तो भरून उशाशी ठेवलाय. दोनदा उठून उलटा करून बघायचा मोह झाला, पाणी सांडलं. कानातलं यंत्र कपाटातून काढलंय, त्याला नवीन सेल घातलाय. रविवारी दोघी या. मला ते ऐकायचं आहे.

अक्षरं थोडी वाकडी आलीत. तुला माहीत आहे, वाकडं काही दिसलं की माझा हात लगेच लाल पेनाकडे जातो.

या वेळी मी दुरुस्त करणार नाही.